बर्फावरचे पहिले भारतीय नाव

१९६४ हे साल आपल्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींच्या स्मरणात पक्के बसलेले आहे. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईत अडतिसावी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली आणि २ डिसेंबर रोजी पोप सहावे पॉल मुंबईच्या विमानतळावर उतरले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्याच वर्षी मे महिन्यात पंडित नेहरूंच्या निधनाने देश पोरका झाला होता. ऑक्टोबरात टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारताने पाकिस्तानला नमवून हॉकीचे सुवर्णपदक परत मिळविले, तेव्हा घरोघरी रेडिओभोवती आनंदाला उधाण आले होते. आपल्यापैकीच एक, स्टेफी डिसूझा, त्या टोकियोत चारशे मीटरच्या शर्यतीत भारताकडून धावल्या होत्या.

या साऱ्या मोठ्या घटनांच्या आधी, त्याच वर्षाच्या जानेवारी महिन्यात, आणखी एक घटना घडली होती. तिची आठवण मात्र कोणी ठेवली नाही. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक नगरात हिवाळी ऑलिंपिकचा सोहळा सुरू झाला आणि या हिमोत्सवात भारताचे नाव प्रथमच नोंदले गेले. भारताच्या पथकात खेळाडू होता एकच. त्याचे नाव ना सिंग होते, ना ठाकूर, ना डिसूझा. ते होते जेरेमी बुयाकोव्स्की.

हे नाव वाचून वाचक थबकतील याची मला कल्पना आहे. पोलंड देशातील हे आडनाव भारताच्या यादीत सर्वांत वर कसे आले, आणि ठाण्या-कल्याणच्या धर्मग्रामांत राहणाऱ्या आपण त्याची विचारपूस का करावी, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा हा एक छोटासा प्रयत्न आहे.

खेळाची तोंडओळख

आपल्या भागात बर्फ भेटतो तो मासळीबाजारात लादीच्या रूपाने किंवा उन्हाळ्यात गोळ्याच्या रूपाने. त्यामुळे बर्फावरील शर्यत म्हणजे नेमके काय, हे आधी सांगणे आवश्यक आहे. स्की म्हणजे पायांत घट्ट बसविलेल्या दोन लांब, अरुंद पट्ट्या. हातांत तोल सांभाळण्यासाठी दोन काठ्या. या साधनांनी हिमाच्छादित डोंगरावरून घसरत खाली येण्याच्या शर्यतीला आल्प्स पर्वताच्या नावावरून ‘आल्पाइन’ असे नाव पडले. तिचे जुने प्रकार तीन. स्लालम या प्रकारात जवळजवळ रोवलेल्या काठ्यांच्या फाटकांतून नागमोडी वळणे घेत उतरायचे असते. जायंट स्लालममध्ये ही फाटके दूरदूर असतात आणि वेग वाढतो. तिसरा प्रकार डाउनहिल, म्हणजे थेट उतारशर्यत. त्यात वळणे थोडी, वेग भयंकर आणि चुकीला क्षमा नाही.

इन्सब्रुकजवळच्या पाचेरकोफेल डोंगरावर १९६४ ची पुरुषांची उतारशर्यत झाली. शर्यतीची वाट तीन किलोमीटरांहून अधिक लांब होती आणि वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचा उतार आठशे मीटरांपेक्षा जास्त होता. आपले माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. माथेरानच्या माथ्यावरून निघावे आणि सव्वादोन-अडीच मिनिटांत नेरळच्या सपाटीवर येऊन पोहोचावे, अशी कल्पना केली म्हणजे या खेळातले धाडस ध्यानात येते. हाच डोंगर उतरायला आपली छोटी गाडी दोन तासांहून अधिक वेळ घेते.

पोलंडच्या माणसाला हा खेळ परका नाही. त्या देशाच्या दक्षिण सीमेवर तात्रा पर्वताच्या रांगा आहेत आणि तेथील मुले चालण्याबरोबरच स्की शिकतात. आपल्याला हे कळण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. पोप दुसरे जॉन पॉल हे तरुणपणापासून स्कीचे शौकीन होते. परमगुरुपदी आल्यानंतरही, १९८४ च्या जुलैमध्ये, इटलीचे राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी यांच्या सोबतीने ते आदामेल्लोच्या हिमनदीवर गेले आणि तेथे त्यांनी स्की पायात चढविल्या. हेच पोप १९८६ च्या फेब्रुवारीत मुंबईत आले, तेव्हा आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांनी त्यांचे दर्शन घेतले. त्या शुभ्र झग्यातील माणसाने कधीकाळी बर्फाचे उतार कापले असतील, असा विचार त्या गर्दीत क्वचितच कोणाच्या मनात आला असेल.

एका मोटारसायकलीची कहाणी

जेरेमी बुयाकोव्स्की यांची गोष्ट सुरू होते ती त्यांच्या आईवडिलांपासून. वडील स्तानिस्वाव आणि आई हालिना हे तरुण जोडपे पोलंडच्या ईशान्येकडील द्रुस्कियेनिकी या गावी राहत होते. औषधी झऱ्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. आज ते लिथुएनिया देशात मोडते आणि त्याचे नाव द्रुस्किनिंकाय असे आहे. १९३४ च्या ऑगस्ट महिन्यात या दोघांनी बी. एस. ए. कंपनीच्या मोटारसायकलीवर आपले सामान बांधले आणि चीनमधील शांघाय शहराच्या दिशेने प्रयाण केले. तुर्कस्तान, इराक, इराण असे देश मागे टाकीत ते भारतात आले. येथून ब्रह्मदेशमार्गे पुढे जात १९३६ च्या मार्चमध्ये त्यांनी शांघाय गाठले. वीस हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचा हा प्रवास होता. ज्या काळात आपल्याकडे कल्याणहून नाशिकला मोटारसायकलीने जाणाऱ्या माणसाकडे लोक वळून पाहत, त्या काळातली ही गोष्ट आहे. हालिना यांनी वाटेत लिहिलेले टिपण अनेक दशके अप्रकाशित राहिले आणि २०११ साली ग्रंथरूपाने पोलिश भाषेत प्रसिद्ध झाले.

भारताशी या कुटुंबाची पहिली ओळख झाली ती अशी, पाहुणे म्हणून. हौसेने आलेले, चार दिवस थांबून पुढे निघालेले दोन प्रवासी. पण दैवाने त्यांची दुसरी ओळख निराळ्या रीतीने घडवून आणली.

१९३९ साली द्रुस्कियेनिकी येथे जेरेमी यांचा जन्म झाला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर चाल केली आणि १७ सप्टेंबरला रशियाने पूर्वेकडून सैन्य घुसविले. बाळाने अजून पाळणाही सोडला नव्हता, तोच त्याचा देश नकाशावरून पुसला गेला. ज्या अंगणात ते रांगायचे, ते अंगण आधी एका परकीय सत्तेच्या आणि मग दुसऱ्या परकीय सत्तेच्या हाती गेले. युद्धाने परागंदा झालेले हे कुटुंब अखेर भारतात येऊन स्थिरावले. आईवडिलांनी जो देश मोटारसायकलीवरून पाहिला होता, तो आता त्यांच्या मुलाचे घर झाला.

कोल्हापूरच्या माळावरील पोलंड

बुयाकोव्स्की हे एकच कुटुंब नव्हते. ज्या महायुद्धाने त्यांना उखडून टाकले, त्याच युद्धाने पोलंडच्या हजारो कुटुंबांना भारताच्या दारात आणून उभे केले, आणि त्यांतील बहुतेकांना थारा मिळाला तो आपल्या महाराष्ट्रात. आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत सहसा न आढळणारे हे प्रकरण कॅथोलिक वाचकांना विशेष जिव्हाळ्याचे वाटावे असे आहे.

पूर्व पोलंड ताब्यात घेतल्यानंतर रशियाने १९४० व १९४१ साली तेथील लाखो माणसांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन सोडले. त्यांत शेतकरी होते, शिक्षक होते, सैनिकांच्या बायका होत्या आणि असंख्य मुले होती. भूक, थंडी आणि रोगराई यांनी त्यांतील पुष्कळांचा बळी घेतला. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा पारडे फिरले. जुलैअखेर पोलंडच्या परदेशस्थ सरकारचा रशियाशी करार झाला आणि या बंदिवानांना मोकळीक मिळाली. इराणमार्गे ती दीनवाणी माणसे बाहेर पडू लागली. परंतु बाहेर पडून जायचे कुठे? त्यांचा देश शत्रूच्या टाचेखाली होता आणि जगातील अनेक सुखवस्तू देशांची दारे बंद होती.

अशा वेळी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी आपल्या संस्थानात बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी छावणी उभी केली. त्या मुलांची पहिली तुकडी १९४२ साली भारतात आली ती खडतर खुष्कीच्या मार्गाने. बालाचडीची सोय पूर्ण होईपर्यंत तिचा मुक्काम मुंबईत वांद्र्याला होता. ज्या वांद्र्याला आपण दर सप्टेंबरात मोतमाउलीच्या सणाला जातो, त्याच वांद्र्यात ही अनाथ लेकरे काही महिने राहिली. मुंबईतील पोलंडचे वाणिज्यदूत बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी त्यांच्यासाठी अपार कष्ट घेतले. किराबाई पुढे भारतातच राहिल्या आणि १९९१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. बालाचडीच्या मुलांचा सांभाळ करणारे छावणीप्रमुख हे फादर फ्रान्सिशेक प्लुता नावाचे धर्मगुरू होते.

१९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवडे येथे दुसरी आणि त्याहून मोठी वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार पोलिश माणसे तेथे नांदली. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक, कारण पुरुष युद्धावर गेलेले. पंचगंगेच्या परिसरातील त्या माळावर लांबच लांब बराकी होत्या. पोलिश भाषेच्या शाळा होत्या, इस्पितळ होते, बालवीरांची पथके होती आणि अर्थातच चर्च होते. नाताळची गाणी पोलिश भाषेत म्हटली जात आणि बाहेर कोल्हापूरच्या बाजारात हीच मुले मराठीत भाजीचा भाव विचारीत. त्यांतील एक तरुणी कोल्हापूरच्या मराठी घराची सून झाली आणि देशबांधव निघून गेल्यावरही ती कोल्हापूरकर म्हणूनच जगली. ज्यांची आयुष्ये येथेच संपली, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. महावीर उद्यानात त्यांच्या वास्तव्याचे स्मारक आहे. पोलंडही हे उपकार विसरला नाही. वॉर्सा शहरात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे आणि कोल्हापूरचे स्मारकही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी त्या स्मारकापाशी पुष्पांजली वाहिली.

१९४८ साली वळिवड्याची वसाहत रिकामी झाली. पण त्या बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीने घरादारास मुकलेली सिंधी कुटुंबे तेथे आली आणि वळिवडे कॅम्पचे गांधीनगर झाले. आज तेथील कापडबाजार साऱ्या दक्षिण महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. हे वाचताना कल्याणच्या वाचकांना आपल्या शेजारच्या गावाची आठवण झाली नाही तरच नवल. महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पमध्येही फाळणीनंतर अशीच निर्वासितांची रीघ लागली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री कल्याण स्थानक सोडते आणि सकाळी कोल्हापुरात शिरण्यापूर्वी वळिवड्यावरून जाते. लोहमार्गाच्या या दोन टोकांना असलेल्या या दोन वस्त्या म्हणजे एकाच कथेचे दोन अध्याय आहेत.

इन्सब्रुक, जानेवारी १९६४

या पार्श्वभूमीवर बुयाकोव्स्की यांचे इन्सब्रुकला जाणे पाहिले पाहिजे. त्यांनी ठरविले असते तर आपण पोलंडचे म्हणून किंवा कोणाचेच नाही म्हणून ते जगू शकले असते. युरोपातील कितीतरी निर्वासितांनी तसेच केले. पण वयाच्या पंचविशीत, पायांत स्की बांधून जेव्हा ते जगापुढे उभे राहिले, तेव्हा त्यांच्या नावापुढे ‘भारत’ असे लिहिलेले होते.

त्या वर्षीचा हिमोत्सव सुरुवातीपासूनच संकटात होता. ऑस्ट्रियात त्या हिवाळ्यात बर्फच पुरेसा पडला नाही. अखेर सैन्याला पाचारण करावे लागले. सैनिकांनी वीस हजार बर्फाच्या लाद्या आणि चाळीस हजार घनमीटर हिम डोंगरांवरून वाहून आणून शर्यतींच्या वाटा तयार केल्या. अशा वाटा कठीण आणि धोक्याच्या असतात. खेळांचे उद्घाटन होण्याआधीच सरावात दोन मृत्यू झाले. ऑस्ट्रेलियाचा अवघा एकोणीस वर्षांचा रॉस मिल्न उतारशर्यतीच्याच वाटेवर झाडावर आदळून गेला. त्याच्या थोडे आधी बर्फावरील घसरगाडीच्या शर्यतीचा सराव करताना ब्रिटनचे काझिमिएझ के-स्क्रिपेस्की प्राणांस मुकले. नावावरूनच ओळख पटते. तेही जन्माने पोलिश होते आणि दुसऱ्या देशाच्या वतीने उतरले होते. एकाच हिमोत्सवात दोन पोलिश माणसे, दोन दत्तक देशांची नावे छातीवर घेऊन आलेली. एकाला मृत्यूने गाठले, दुसऱ्याला त्याच आठवड्यात त्याच नगरातील डोंगरमाथ्यावर उभे राहायचे होते.

२९ जानेवारीला उद्घाटन झाले. त्या सोहळ्यात मृतांचे स्मरण करण्यात आले. दुसऱ्याच दिवशी पुरुषांची उतारशर्यत होती. या खेळाचा एक नियम येथे सांगितला पाहिजे. आधीच्या स्पर्धांतील गुणांनुसार निष्णात खेळाडूंना आधी सोडले जाते आणि नवख्यांचा क्रमांक शेवटी लागतो. त्यामुळे ज्याला अनुभव सर्वांत कमी, त्याच्या वाट्याला सर्वांत खराब वाट येते. आधीच्या डझनावारी खेळाडूंनी वळणावळणावर खोल चर पाडलेले असतात आणि हिम उखडून खालचा कठीण बर्फ उघडा पडलेला असतो. ज्या देशाचे पथक असते त्याच्यापाशी प्रशिक्षक असतो, स्कीला मेण लावणारे कारागीर असतात, वाटेत उभे राहून कोठे सावध राहायचे ते सांगणारे सहकारी असतात. एकट्या खेळाडूला हे सारे बळ नसते.

ती शर्यत ऑस्ट्रियाच्या एगॉन झिमरमान यांनी २ मिनिटे १८ सेकंदांत जिंकली. फ्रान्सचे लेओ लाक्रोआ दुसरे आले. भारताचे जेरेमी बुयाकोव्स्की शर्यत पूर्ण करू शकले नाहीत.

हिवाळी ऑलिंपिकच्या इतिहासात भारताची पहिली नोंद आहे ती ही अशी, अपुऱ्या शर्यतीची. पदक नाही, क्रमांक नाही, वेळदेखील नाही. आपल्याकडची वर्तमानपत्रे त्या दिवसांत क्रिकेट आणि हॉकीत गुंतलेली. या नोंदीसाठी सत्कार झाला नाही आणि मिरवणूक तर नाहीच नाही.

ग्रेनोबल आणि त्यानंतर

अशा आरंभानंतर पुष्कळ माणसे खेळाला रामराम ठोकतात. चार वर्षांपूर्वी त्याच वाटेवर एका कोवळ्या स्पर्धकाचा जीव गेल्याची आठवण ज्याच्यापाशी आहे, त्याने पुन्हा उतारावर उभे राहू नये असे कोणीही म्हटले असते. बुयाकोव्स्की मात्र १९६८ च्या फेब्रुवारीत फ्रान्समधील ग्रेनोबल येथे भारताचे एकमेव प्रतिनिधी म्हणून पुन्हा आले.

ग्रेनोबलचा तो हिमोत्सव फ्रान्सच्या जाँ-क्लोद किली यांचा म्हणून ओळखला जातो. आल्पाइनच्या तिन्ही शर्यतींत त्यांनी सुवर्णपदके जिंकली आणि साऱ्या फ्रान्सने त्यांना डोक्यावर घेतले. त्याच शांरूसच्या उतारावर, किलींच्या बऱ्याच मागून, भारताचा हा एकुलता एक खेळाडू सुटला आणि या वेळी त्याने उतारशर्यत पूर्ण केली. पहिल्या पन्नासात त्यांचे नाव नव्हते. पण शर्यत पूर्ण करणाऱ्यांच्या यादीत ते होते आणि नावापुढे भारताचे नाव होते. इन्सब्रुकची अपुरी राहिलेली ओळ चार वर्षांनी ग्रेनोबलला पूर्ण झाली. एखाद्या शर्यतपटूच्या कारकिर्दीचे मोल क्रमांकांत मोजणाऱ्यांना यात काही दिसणार नाही. पण पडून पुन्हा उभे राहण्याची शिकवण ज्यांनी क्रूसाच्या वाटेच्या भक्तीत दर चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ऐकली आहे, त्यांना यातील थोरवी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

बुयाकोव्स्की यांचे २०१० साली निधन झाले. त्यांच्या पश्चात भारताची जागा हिवाळी ऑलिंपिकमध्ये तब्बल वीस वर्षे रिकामी राहिली. १९८८ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे तिघे भारतीय स्कीपटू उतरले. गुल देव, किशोर राय आणि शैलजा कुमार ही त्यांची नावे. शैलजा या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. स्लालम शर्यत त्यांनी अठ्ठाविसाव्या क्रमांकाने पूर्ण केली आणि पूर्ण करणाऱ्यांत त्या शेवटच्या होत्या. पुढे हिमाचलचे शिव केशवन हे घसरगाडीच्या शर्यतीत १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरले. त्यांची आई इटलीची आणि वडील केरळचे, हेही येथे नोंदवावेसे वाटते. २०२२ साली बीजिंग येथे काश्मीरचे आरिफ खान हे पुन्हा एकदा एकटेच भारताचे प्रतिनिधी होते. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी इन्सब्रुकला जे एकटेपण बुयाकोव्स्कींच्या वाट्याला आले होते, तेच आरिफ यांच्याही वाट्याला आले.

या नावांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गंमत ध्यानात येते. पोलंडहून आलेला निर्वासित, हिमालयातील तरुण, एक धीट मुलगी, केरळ आणि इटलीच्या संगमातून जन्मलेला मुलगा, काश्मिरी मुसलमान. बर्फावर भारताचे नाव लिहिणाऱ्यांत असे निरनिराळ्या मातीचे हात आहेत. आणि त्यांतील पहिला हात, आपण ज्याला सहजपणे परका म्हणू, अशा माणसाचा आहे.

परका कोण, आपला कोण

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. ठाण्या-कल्याणच्या आपण या माणसाची विचारपूस का करावी?

आपल्या धर्मग्रामांकडे जरा पाहू या. डोंबिवली आणि कल्याणच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला बसलेल्या कुटुंबांना त्यांचे मूळ गाव विचारावे. कोणी वसईचे सांगेल, कोणी अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या खेड्याचे, कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे, कोणी केरळचे. रेल्वेच्या नोकरीने, कारखान्याच्या कामाने, मुंबईत न परवडणाऱ्या जागेमुळे माणसे येथे आली आणि येथली झाली. केरळहून आलेल्या सिरो-मलबार विधीच्या भाविकांसाठी १९८८ साली धर्मप्रांत स्थापन झाला, त्याला कल्याणचेच नाव मिळाले. फार थोडी कुटुंबे येथील पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. बाकीचे आपण सारे कोणत्या तरी गाडीने, कोणत्या तरी दिवशी, ट्रंका घेऊन कल्याण स्थानकावर उतरलेले.

असे असूनही नव्याने आलेल्याला परका म्हणण्याची घाई आपल्याला होते, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. भाषा वेगळी, जेवण वेगळे, प्रार्थनेची चाल वेगळी, एवढ्यावरून चर्चच्या आवारात गट पडतात. त्याउलट, कॅथोलिक म्हणून आपल्यालाही कधी कधी ‘तुम्ही नक्की कुठले?’ असा प्रश्न ऐकावा लागतो आणि तो मनाला लागतो. माणूस कोणत्या देशाचा, हे त्याच्या आडनावावरून ठरते की धर्मावरून? की तो कोणाचे ओझे स्वतःहून खांद्यावर घेतो यावरून?

बुयाकोव्स्कींच्या आयुष्याने या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले आहे. भारताचे नाव घेऊन बर्फावर उतरल्याने त्यांना ना कीर्ती मिळणार होती, ना धन. हरण्याची जवळजवळ खात्री होती आणि जिवाला धोका होता. तरीही त्यांनी ते नाव दोनदा धारण केले. जेथे मिळण्यासारखे काही नसते, तेथे माणूस ज्याचे नाव घेतो, तोच त्याचा देश असतो.

मत्तयच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाच्या वेळी प्रभू कोणत्या प्रश्नांची उत्तरे मागणार आहे, हे आपण सारे जाणतो. भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र यांच्या रांगेतच परक्याला घरात घेण्याचा प्रश्न आहे. कोल्हापूरच्या माळाने त्या प्रश्नाचे उत्तर १९४३ साली दिले. जामसाहेब ख्रिस्ती नव्हते, कोल्हापूरच्या बाजारातील भाजीवाल्या बायका ख्रिस्ती नव्हत्या, तरीही त्या परीक्षेत ते उत्तीर्ण झाले आहेत, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. आणि ज्या देशाने आश्रय दिला, त्याला त्या परक्यांपैकी एकाने काय दिले? पदक नाही. फक्त एक नाव, बर्फावर लिहिलेले.

बर्फावर लिहिलेले नाव टिकत नाही असे म्हणतात. पण ऑलिंपिकच्या नोंदवहीत, भारताच्या पानावर, हिवाळी खेळांच्या सदरात, आजही पहिल्या ओळीत तेच नाव आहे. यापुढे कधी डोंबिवलीच्या मिस्साला मागच्या बाकावर एखादे अनोळखी कुटुंब संकोचून बसलेले दिसले, तर त्या पहिल्या ओळीची आठवण ठेवावी आणि त्यांना पुढे बोलावून शेजारी जागा करून द्यावी. त्यांच्यातील कोण उद्या कोणत्या डोंगरमाथ्यावर आपल्या सर्वांचे नाव घेऊन उभे राहील, हे एका देवालाच ठाऊक.